डॉ. रखमाबाई : एका नकाराचा इतिहास आणि त्यामागील आधार

स्त्रीशिक्षणाचा इतिहास शिकवताना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्यापासून आरंभ करणे हा आपल्या शाळेचा परिपाठ आहे. त्यापुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव विद्यार्थिनींना पाठ्यपुस्तकांतून परिचित होते. डॉ. रखमाबाईंचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. बालपणी लावलेले लग्न त्यांनी मान्य केले नाही, तुरुंगाची शिक्षा समोर असतानाही त्या ढळल्या नाहीत आणि पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, एवढी हकिकत सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. बावीस वर्षांच्या एका तरुणीला उच्च न्यायालयासमोर 'नाही' म्हणता आले, ते कशाच्या बळावर? या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बारामती-इंदापूर परिसरातील पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासमोर आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे उत्तरही आम्हांला याच शोधात सापडते.

घर आणि बालपण

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. हे कुटुंब सुतार जातीचे. धर्मशास्त्रांनी ज्यांना शूद्र ठरवले अशा अनेक जातींप्रमाणे या जातीतही विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. तत्पूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता आपल्या मुलीच्या नावे करून दिली. वाचकांनी ही बाब ध्यानात ठेवावी. पुढील साऱ्या घटनांत तिला मोठे महत्त्व आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत असत. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. अशा विद्याव्यासंगी घरात रखमाबाई वाढल्या. तरीही त्या घरालाही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न डॉक्टरांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. जावयाने सासरीच राहावे, शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे ठरले होते. दादाजींनी शिक्षण घेतले नाही, ते मामाकडे राहावयास गेले. रखमाबाई माहेरीच राहिल्या.

लग्नाबरोबर त्यांची शाळा सुटली होती. पण पुस्तके सुटली नाहीत. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचत त्या घरीच इंग्रजी शिकल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. आपल्यावर लादलेले लग्न आणि आपल्याला हवे असलेले शिक्षण यांत कोणते अंतर आहे, हे त्यांना याच वर्षांत उमगले.

नांदावयास येण्याचा दावा

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून पत्नीला नांदावयास पाठवण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' हा खटला उभा राहिला. रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते : हे लग्न आपल्या अजाण वयात, आपल्या संमतीवाचून झाले, त्यामुळे ते आपल्यावर बंधनकारक नाही.

खटला सुनावणीस येण्यापूर्वीच, १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. घरातला कर्ता आधार गेला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जे पती-पत्नी कधी एकत्र नांदलेच नाहीत, त्यांतील स्त्रीला बळाने सासरी पाठवण्यास कायद्याचा आधार नाही, असे त्यांचे मत पडले. अशा प्रकारचा दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातून येथे आला, हेही त्यांनी निदर्शनास आणले. विशेष म्हणजे ज्या इंग्लंडातून तो आला तेथे १८८४ च्याच कायद्याने अशा प्रकरणांतील तुरुंगवास बंद झाला होता. हिंदुस्थानात मात्र तो चालू राहिला.

या निकालावर सनातनी मंडळींत मोठे वादळ उठले. हिंदू धर्मात सरकारची ढवळाढवळ होत आहे, अशी हाकाटी झाली. लोकमान्य टिळकांनी आपल्या पत्रांतून रखमाबाईंच्या विरोधी बाजू मांडली. दुसऱ्या बाजूने बेहरामजी मलबारी यांनी त्यांचा पक्ष घेतला आणि बचावासाठी समिती उभी राहिली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे विधिज्ञ न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली. रखमाबाईंनी स्वतःही लेखणी उचलली होती. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर जी पत्रे प्रसिद्ध झाली, ती त्यांचीच होती.

अपिलात पहिला निकाल फिरवण्यात आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या तारखेकडे थोडे थांबून पाहावे. याच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन झाले होते. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेली तरुणी एकविसाव्या वर्षी, रुग्णसेवा करण्याची संधी मिळण्याआधीच गेली. आणि पुढे डॉक्टर होणाऱ्या दुसऱ्या तरुणीला त्याच आठवड्यात तुरुंगाचा रस्ता दाखवण्यात आला.

खटला कसा मिटला याविषयी अनेक आख्यायिका आहेत. व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून लग्न रद्द केले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये स्वीकारून आपला हक्क सोडला आणि पुढे दुसरे लग्न केले. म्हणजे चार वर्षांच्या लढ्यानंतर रखमाबाई मोकळ्या झाल्या, पण कायदा होता तेथेच राहिला. हा भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे. एका व्यक्तीची सुटका झाली म्हणजे सर्वांची सुटका झाली असे नव्हे.

विलायत आणि पस्तीस वर्षांची सेवा

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणाकडे वळवले आणि त्यासाठी साहाय्य जमवले. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनीही द्रव्यसाहाय्य केले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. तेथे मॅक्लारेन दांपत्याने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवीही त्यांनी मिळवली.

बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी त्यांच्या आधीच वैद्यकीय व्यवसाय सुरू केला होता. म्हणून रखमाबाईंना भारतातील पहिली स्त्री डॉक्टर म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठी मुलुखातून आलेल्या आणि दीर्घकाळ रुग्णसेवा केलेल्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक, असे म्हणणे योग्य. त्यांचे मोठेपण क्रमांकावर अवलंबून नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली. त्या काळी रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, अशी समजूत होती. पुरुष डॉक्टरने तपासलेले चालत नसे, स्त्री डॉक्टर मिळत नसे आणि बाळंतपणे घरच्या अंधाऱ्या खोलीत होत. स्त्रिया रुग्णालयाची पायरी चढत नाहीत हे पाहून रखमाबाईंनी एका अडलेल्या शेळीची सुटका रुग्णालयात केली आणि त्यानंतर बायकांची भीती हळूहळू ओसरली, अशी एक हकिकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. प्लेगच्या साथीतही त्यांनी सुरतेत रुग्णसेवा केली. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना प्राण ठेवला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हेही त्या कामात होते. एकीकडे पदवीधर डॉक्टर आणि दुसरीकडे वृद्ध शिक्षिका. दोघींची कर्तव्याची समज मात्र एकच होती.

सुरतेनंतर रखमाबाई राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. सुमारे पस्तीस वर्षांची ही सेवा. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा पद्धती नष्ट करावी अशी मागणी करणारी पुस्तिका लिहिली. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी स्वीकारली, असे चरित्रातून दिसते. न्यायालयाला न नमलेल्या स्त्रीवरही समाजाच्या नजरेचे ओझे किती असते, याचा हा पुरावा मानावा. थोर व्यक्तींच्या चरित्रांतील असे विसंगत वाटणारे तपशील गाळू नयेत. त्यांतूनच काळाचे वजन कळते.

बालविवाह आणि जात : बाबासाहेबांचे विश्लेषण

रखमाबाईंच्या खटल्याकडे बहुधा केवळ स्त्रियांचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला त्याहून खोल पाहावयास शिकवले आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनावर. ते बंधन अबाधित राखण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा रुजल्या. मुलीला स्वतःची निवड कळू लागण्यापूर्वीच तिचे लग्न लावून टाकले, की जातीची कुंपणे सुरक्षित राहतात. वरच्या मानलेल्या जातींनी आखलेली ही वाट इतर जातींनी अनुकरणाने उचलली.

रखमाबाईंच्या घरात या विश्लेषणाचा प्रत्यय येतो. आईला पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या जातीत मुलीचे लग्न मात्र अकराव्या वर्षी लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८४ मध्येच मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना बालविवाहाविरुद्ध मत नोंदवले होते. फुले, रखमाबाई आणि बाबासाहेब यांना जोडणारा धागा हाच आहे : स्त्रीचे वय, स्त्रीचे शरीर आणि स्त्रीची संमती यांवर जातीचा ताबा नको.

कायद्याचा लांबचा प्रवास

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. १९२३ च्या दुरुस्तीने, नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद संपली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा झाले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. स्त्रीचे आरोग्य हा राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, ही त्यामागची दृष्टी. स्वातंत्र्यानंतर हिंदू कोड बिलासाठी त्यांनी अपार श्रम घेतले. ते रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे हे एक प्रमुख कारण होते.

हे बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय नव्वद वर्षांचे होते. ज्या सुटकेसाठी त्यांना चार वर्षे झगडावे लागले, तिला कायद्याचे रूप आलेले त्यांच्या हयातीतच घडले. तरीही त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदावयास येण्याचा दावा आजही शिल्लक आहे, हेही विसरता येत नाही.

बारामती-इंदापूरचे वास्तव

रखमाबाईंचा खटला मुंबईत गाजत होता त्याच दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या भागात आले. पाण्यापाठोपाठ ऊस आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर ही नावे समृद्धीची खूण बनली. परंतु त्या उसाच्या फडात दरवर्षी बीड, अहिल्यानगर, धाराशिव अशा जिल्ह्यांतून जी कुटुंबे येतात, त्यांच्या कोप्यांत डोकावल्यावर रखमाबाईंचा काळ सरलेला नाही असे वाटते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता. मग हंगामापूर्वी त्याचे लग्न उरकले जाते. वयात येऊ लागलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती वाटते आणि फडावर नेण्याचीही. म्हणून तिचेही लग्न लावून दिले जाते. येथे बालविवाहाला शास्त्राचा आधार कोणी शोधत नाही. उचल आणि असुरक्षितता यांनीच ती जागा घेतली आहे.

स्थायिक कुटुंबांतही चित्र सर्वत्र वेगळे नाही. मुलगी दहावी झाली, चांगले स्थळ आले, पुढचे कॉलेज लांब आहे, एसटीचा प्रवास आहे, लोक काय म्हणतील. ही कारणे आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे ऐकली आहेत. उन्हाळी सुट्टीनंतर वसतिगृहात एखादी खाट रिकामी राहते आणि चौकशी केली की मुलीचे लग्न झाल्याचे कळते. त्या मुलीला धैर्य नव्हते असे आम्हांला वाटत नाही. तिच्या नकारामागे उभे राहणारे कोणी नव्हते.

रखमाबाईंच्या चरित्राचा खरा धडा येथेच आहे. त्यांच्या नकारामागे आईने त्यांच्या नावे केलेली मालमत्ता होती. मुलीला वेळेआधी सासरी न धाडणारे वडीलधारे होते. ग्रंथालयातील पुस्तके होती. न्यायालयात उभे राहणारे वकील होते, शिक्षणासाठी पैसा जमवणारी माणसे होती, परदेशात आसरा देणारे घर होते. धैर्य त्यांचे स्वतःचे होते. पण ते टिकले ते या आधारांवर. हे आधार आज आपल्या प्रत्येक मुलीला देता येतात. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. निवासी शाळेचे प्रयोजन तरी दुसरे कोणते? सुरक्षित छत, दोन वेळचे जेवण, पुस्तके आणि 'अजून शिकू द्या' असे पालकांना सांगणारा शिक्षक.

आज कायदा मुलीच्या बाजूने आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे किमान वय १८ आणि मुलाचे २१ आहे. बालपणी लग्न लावले गेलेल्या मुलीला वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ते लग्न रद्द करून मागता येते. रखमाबाईंनी न्यायालयाकडे जे मागितले, ते आज कलमात लिहिलेले आहे. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही मदत मागता येते. हे माहीत असणारी एक मावशी, एक भाऊ, एक माजी विद्यार्थी प्रत्येक वस्तीत असला, तर पुष्कळ काही बदलेल. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर होण्यासाठी रखमाबाईंना सातासमुद्रापलीकडे जावे लागले. आपल्या मुलींना तालुक्याच्या गावी जावयाचे आहे. अंतर एवढे कमी झाले आहे, तर ते चालण्यास त्यांना अवधी तरी द्यावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हा लेख मुलींसह वाचावा व पुढील प्रश्नांवर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

१. जयंतीबाईंनी मुलीच्या नावे मालमत्ता केली. आपल्या घरात मुलीच्या नावे काय आहे?

२. दादाजींनी तडजोड केली नसती आणि रखमाबाईंना सहा महिने तुरुंगात जावे लागले असते, तर त्यांचा नकार चुकीचा ठरला असता का?

३. बाबासाहेबांच्या मते बालविवाह आणि जात यांचा संबंध कोणता? आपल्या परिसरात आज बालविवाहाची कारणे कोणती आहेत?

४. आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीने उद्या 'मला अजून शिकायचे आहे' असे म्हटले, तर तिच्यामागे उभे राहणारी पहिली व्यक्ती कोण असेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने नाव घेऊन द्यावे.